मदत हवी आहे: जुनी बर्लेस्क मासिकं, गंजलेल्या पिना आणि समासातल्या पेन्सिलीच्या नोंदी

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीत आमच्या शेजारी एक आजोबा राहायचे. नव्वदी ओलांडलेले, गेल्या हिवाळ्यात गेले. तरुणपणी ते नेवार्क आणि युनियन सिटीच्या बर्लेस्क थिएटरांत ड्रम वाजवायचे. बर्लेस्क म्हणजे विनोदी नकला आणि एकेक कपडा उतरवत केलेले नाच असलेला रंगमंचीय कार्यक्रम. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी १९३७ साली तिथल्या बर्लेस्क थिएटरांचे परवाने रोखले आणि प्रेक्षक हडसन ओलांडून इकडे येऊ लागले. आजोबांचं पोट त्यावरच चाललं.

घर आवरताना त्यांच्या लेकीला माळ्यावर एक खोकं सापडलं. आत ३४ मासिकं: 'ब्युटी पॅरेड', 'आयफुल', 'विंक', 'टिटर'. सगळी प्रकाशक रॉबर्ट हॅरिसनची, ज्याने पुढे १९५२ साली 'कॉन्फिडेन्शियल' हे नटनट्यांच्या भानगडी छापणारं मासिक काढलं. बऱ्याच मुखपृष्ठांवर चित्रकार पीटर ड्रिबनची सही आहे. उंच टाचा, लांब मोजे, भडक पिवळी पार्श्वभूमी. आतले फोटो काळे-पांढरे. ती रद्दीत टाकणार होती, मी मागून घेतली.

मासिकांइतकाच, खरं तर जास्तच, जीव माझा समासात अडकलाय. एका फोटोखाली नुसतं 'लाल केसांची' एवढंच छापलंय. शेजारी आजोबांच्या बारीक अक्षरात त्या बाईचं नाव, 'नेवार्क', आणि पुढे: 'डावा हातमोजा सुटला की झांज'. बाईच्या प्रत्येक झटक्याला ड्रमची थाप बरोबर पडायला हवी, म्हणून तिच्या पायांवर आणि खांद्यांवर नजर ठेवून वाजवायचं. ढोलकीवाला लावणीला वाजवतो तसंच. लिली सेंट सिर, टेम्पेस्ट स्टॉर्म या गाजलेल्या नर्तकींची नावं राहिली. या बाकीच्या बायकांची कदाचित इथेच उरली असतील, म्हणून ही पानं माझ्या हातून खराब होऊ नयेत असं फार वाटतं.

अडचणी अशा. मधल्या पिना गंजल्यात आणि गंज कागदात उतरलाय. पानं कडेला तपकिरी पडून तुटताहेत. नऊ अंकांना मुखपृष्ठच नाही, त्यामुळे साल कळत नाही. आणि शेवटी हे सगळं द्यायचं कुठे? जाणकारांनी कृपया सांगा. श्लील-अश्लीलचा वाद या धाग्यावर नको, ही विनंती.

प्रतिसाद

मी ग्रंथालयात कागद दुरुस्तीचं काम करते. पिन समोरून उपटू नका, छिद्र फाटतं. अंक मधोमध उघडा, पिनेच्या वळलेल्या टोकांखाली पॉलिएस्टरची पातळ पट्टी सरकवा, बोथट पात्याने टोकं सरळ करा आणि मग मागच्या बाजूने पिन काढा. त्याच छिद्रांतून सुती दोरा ओवून सैल बांधा. सेलोटेप आणि लॅमिनेशन अजिबात नको. हा स्वस्त, आम्लयुक्त कागद आहे, उजेडाने आणखी पिवळा पडेल. आम्लविरहित खोक्यात आडवे ठेवा, माळा आणि तळघर दोन्ही टाळा. पेन्सिल पुसट असेल तर दिवा बाजूने, अगदी तिरका धरून फोटो काढा.

साल काढायला पहिल्या पानाच्या तळाची बारीक छपाई वाचा, तिथे वर्ष आणि अंक क्रमांक असतो. 'ब्युटी पॅरेड' १९४१ ला सुरू झालं, तिथून मोजा. पत्त्यात न्यूयॉर्कपुढे टपाल विभागाचा आकडा असेल तर ते १९४३ नंतरचं.

देण्यासाठी लास वेगासचं बर्लेस्क हॉल ऑफ फेम हे संग्रहालय बघा. जेनी ली या नर्तकीच्या संग्रहातून ते उभं राहिलं, तिच्यामागे डिक्सी इव्हान्सने ते कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या जुन्या शेळीपालन फार्मवर सांभाळलं. इंडियानातल्या ब्लूमिंग्टनची किन्सी इन्स्टिट्यूट ही लैंगिकतेवर संशोधन करणारी संस्थाही आहे. पत्रात पहिला उल्लेख समासातल्या नोंदींचा करा. नावं रंगमंचावरची आहेत की खरी, हे कळल्याशिवाय मात्र ऑनलाइन टाकू नका.

धागाकर्ता

खूप आभार! रात्री भिंग घेऊन बसलो. नऊपैकी सहा अंकांत तो टपालाचा आकडा सापडला. पिनांना रविवारी, दिवसाउजेडी हात लावतो.

आणखी एक विचारायचं राहिलं. बऱ्याच नोंदींशेजारी लहान त्रिकोण काढलाय, कुठे एक, कुठे तीन. इथे कुणी ड्रम वाजवत असेल तर ही खूण कशाची, सांगाल का? नाव झाकून त्या समासाचा फोटो उद्या टाकतो.