सासूबाईंच्या पोलकी हारातला हिरा काळवंडला

प्रश्न: सासूबाई जयपूरच्या. त्यांनी लग्नात दिलेला पोलकीचा हार मी परवा साबणाने धुतला, आणि मधला हिरा काळपट दिसतोय. नकली असेल का? त्यांना विचारायचा धीर होत नाही.

उत्तर: काळवंडला म्हणून नकली ठरत नाही, ताई. पोलकी म्हणजे पैलू न पाडलेला हिरा. त्याची चमक खालच्या चांदीच्या वर्खामुळे खुलते. पाणी आत गेलं की वर्खच काळा पडतो.

उत्तर: जडावाचं, म्हणजे सोन्यात खडे बसवायचं काम करणाऱ्याकडेच न्या. तो २४ कॅरेटचं कुंदन, म्हणजे हिऱ्याभोवती दाबून बसवलेलं शुद्ध सोनं, सोडवून वर्ख बदलतो. आत लाखेचं भरण असतं, ते उष्णतेने वितळतं, त्यामुळे कुणालाही तापवू देऊ नका! मागचा मीना, म्हणजे रंगीत नक्षीही जपा.

प्रश्नकर्ती: सासूबाईंना सांगितलं. रागावल्या नाहीत. जयपूरला सोबत नेणार आहेत.