मदत हवी आहे: लोहाच्या आयनाचा सिग्नल उंबरठ्याच्या आधीच दिसतोय

नमस्कार मंडळी,

एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाच्या आयनावर प्रकाश टाकला की दुसरा इलेक्ट्रॉन कितपत सुटतो, हे मी मोजतोय. पद्धत मर्ज्ड बीमची. सिंक्रोट्रॉनचा (इलेक्ट्रॉन वर्तुळात पळवून तीव्र प्रकाश मिळवणाऱ्या यंत्राचा) प्रकाश आणि ६ किलोव्होल्टने पळवलेला आयनांचा झोत एकाच रेषेत समोरासमोर सोडायचे, आणि ज्यांचा भार दुप्पट झाला ते आयन चुंबकाने बाजूला काढून एकेक मोजायचे. १९८६ मध्ये इंग्लंडमधल्या डेअर्सबरीला बेरियमच्या आयनावर असं मोजमाप झालं, तीच ही वाट.

आयनांचा झोत फार विरळ असतो. उत्तम निर्वातातही उरलेला वायू त्याच्या तोडीस तोड असतो, आणि त्याच्याशी टक्कर होऊनही दुप्पट भाराचा आयन तयार होतोच. म्हणून चॉपरने प्रकाश चालू-बंद करून फरक घेतो.

तरी अडचण अशी: दुसरा इलेक्ट्रॉन सोडवायला फोटॉनची (प्रकाशकणाची) ऊर्जा किमान १६.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागते, हाच उंबरठा. त्याच्या खाली काहीच दिसायला नको, पण सिग्नल १५ पर्यंत रेंगाळतो. डॉप्लरची दुरुस्ती (समोरून पळत येणाऱ्या आयनाला फोटॉनची ऊर्जा किंचित जास्त भासते, तिची) केली आहे; ती जेमतेम ०.०१ इलेक्ट्रॉनव्होल्टची. हा मेटास्टेबल आयनांचा (आधीच थोडी जास्त ऊर्जा धरून बराच वेळ टिकणाऱ्या आयनांचा) वाटा, की प्रकाशातली हवी ती ऊर्जा निवडणाऱ्या ग्रेटिंगमधून घुसणारा सेकंड ऑर्डरचा, म्हणजे दुप्पट ऊर्जेचा प्रकाश? ताऱ्यांच्या आत प्रकाश किती अडतो याच्या हिशेबात लोहाच्या आयनांचे आकडे लागतात, त्यामुळे ही शेपटी नुसती कापून टाकायला मन धजत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

दोन्ही असू शकतात. आधी प्रकाश तपासा, ते सोपं आहे. गॅस सेलमध्ये हीलियम भरा आणि मोनोक्रोमेटर (ग्रेटिंग असलेलं ऊर्जा निवडायचं उपकरण) १५ वर ठेवा. हीलियमला २४.६ लागतात, म्हणजे १५ च्या फोटॉनने तो ढिम्म हलणार नाही. तरीही हीलियमचे आयन मिळाले तर ते ३० च्या फोटॉनचं काम, आणि त्यावरून भेसळीचं प्रमाण काढता येतं. फोटॉन मोजणाऱ्या फोटोडायोडकडेही बघा: ३० चा एक फोटॉन १५ च्या फोटॉनपेक्षा जास्त करंट देतो, त्यामुळे भेसळ असेल तर फोटॉनची मोजणीच फसते आणि उंबरठ्याच्या वरचा आकडाही बिघडतो. हे बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतं.

मेटास्टेबल मात्र चिवट. लोहाच्या या आयनाची पहिली मेटास्टेबल पातळी तळापासून फक्त ०.२३ इलेक्ट्रॉनव्होल्टवर आहे, पुढची जवळपास १ वर. आयन तयार होतात त्या गरम सोर्समध्ये त्या भरणारच, आणि काही मायक्रोसेकंदांच्या प्रवासात त्या रिकाम्या होत नाहीत. अशा आयनाचा उंबरठा तेवढाच खाली येतो; तुमच्या स्कॅनमध्ये १५.९७ आणि १५.२ च्या आसपास पायऱ्या दिसतात का? शिवाय तळाची पातळीच पाच भागांत फाटलेली आहे, सगळ्यात वरचा भाग ०.१२ वर. त्यामुळे १६.२ ला सरळ कडा मिळेल ही अपेक्षाच सोडा.

सोर्सची पॉवर कमी-जास्त करून तोच स्कॅन घ्या. शेपटी बदलली तर मेटास्टेबल, जशीच्या तशी राहिली तर प्रकाश.

धागाकर्ता

मनापासून आभार. १५.९७ ला पुसटशी चढण आहे, मी तिला नॉइज धरत होतो. आमच्याकडे सध्या हीलियम नाही, निऑन आहे. त्याला २१.६ लागतात, तर १५ वर तो चालेल ना?

प्रतिसाद

चालेल. फक्त दाब कमी ठेवा, आणि सेल रिकामा असतानाचं रीडिंग आधी घ्या.