शाळेत बिझनेस कोर्स: पोरांना नफेखोर करायचंय का?

वहीतला माणूस:
काल इथं एका धाग्यावर वाचलं: "शाळेत व्यवसायाचे विषय म्हणजे कोवळ्या पोरांना नफेखोरीचं बाळकडू. व्याज गणितात आहेच की." दोन ओळी टाकून ते गृहस्थ निवांत, झोप माझी गेली.

गणितातलं चक्रवाढ व्याज मला पैकीच्या पैकी यायचं. तरी पहिला धंदा बुडाला, आणि बुडाला तेव्हा वहीत चक्क नफा होता! माल उधारीवर विकला, विक्री त्याच दिवशी धरली. गिऱ्हाइकाचे पैसे येणार ९० दिवसांनी, माल देणाऱ्याला द्यायचे ३० दिवसांत. मधले ६० दिवस कर्जावर काढले आणि त्याच कर्जानं खाल्लं. नफा वेगळा, रोकड वेगळी, एवढंच कळायला तिशी उलटावी लागली.

तिरकस:
एका वाक्यात सांगितलंत की. मग वर्षभराचा विषय कशाला?

वहीतला माणूस:
पोहणंही एका वाक्यात सांगता येतं. उतरा पाण्यात.

पुराव्यानिशी:
अनुभव रोचक, पण पुरावा? २०१४ साली सुमारे दोनशे अभ्यास एकत्र तपासले गेले. लोक पैशाशी कसं वागतात यातल्या फरकापैकी आर्थिक शिक्षणाच्या वाट्याला आला ०.१ टक्का. शिवाय शिकलेलं काळाबरोबर विरतं.

वहीतला माणूस:
ते पैसे कसे सांभाळावेत याच्या शिकवणीबद्दल. मी हिशेब, करार, किंमत कशी ठरवायची याबद्दल बोलतोय. धागा वाचून प्रतिसाद द्यायची पद्धत बंद झाली का?

पुराव्यानिशी:
वाचूनच दिलाय. नफा-रोकड हा पैशाचाच विषय ना? सोयीचं तेवढं वगळू नका.

एकटीनंच केलं:
मी शाळेत हा विषय घेतला होता. गटप्रकल्पात पाच जण, काम एकटीनं, गुण सगळ्यांना सारखे. अजून राग जात नाही.

तिरकस:
म्हणजे भागीदारीचा धडा फुकटात मिळाला. आणखी काय हवं?

एकटीनंच केलं:
तुम्ही त्या चौघांपैकीच एक असणार.

मास्तर:
मी शाळेत शिकवतो. विषय चांगला, पण शिकवणार कोण? वेळापत्रकात त्याला जागा करायची तर चित्रकला नाहीतर खेळाचा तास जातो. यावर कुणी बोलत नाही.

भाबडा प्रश्न:
विषयांतराबद्दल माफी. पगार आला की बँक सांगते 'क्रेडिट', म्हणजे जमा. पण हिशेबाच्या पुस्तकात येईल ते नावे (म्हणजे डेबिट), जाईल ते जमा. कोण खोटं बोलतंय?

वहीतला माणूस:
कुणीच नाही. बँक तिची वही वाचून दाखवते. तुमचे पैसे हे तिचं तुम्हाला देणं, म्हणून तिच्याकडे जमा. तुमच्या वहीत तेच बँक खातं नावे पडतं.

तिरकस:
वा! पंधरा वर्षांच्या पोराला हे? आधीच मराठीचे हाल, त्यात 'नावे' म्हणजे काय हे कुणाच्या आजोबांना विचारायचं?

मास्तर:
मुलांना कळतं. मोठेच अडखळतात, कारण ते बँकेचा मेसेज आधी शिकलेले असतात.

पुराव्यानिशी:
ही दुहेरी नोंद, म्हणजे प्रत्येक व्यवहार एका खात्यात नावे नि दुसऱ्यात जमा लिहायची पद्धत, लुका पाचोली या इटालियन गणितज्ञानं १४९४ मध्ये शोधली. पाचशे वर्षांत कुणाला सोपी करता आली नाही, यातच काय ते आलं.

वहीतला माणूस:
शोधली नाही हो, छापली! इटलीतल्या जेनोवा शहराच्या सरकारी वह्यांत ती १३४० मध्ये सापडते. इतरांकडे पुरावे मागणाऱ्यानं निदान एवढं तपासावं.

पुराव्यानिशी:
ठीक, छापली. माझे ०.१ टक्का जागेवरच आहेत.

भाबडा प्रश्न:
मग कार्डाचं महिना ३ टक्के व्याज म्हणजे वर्षाला ३६, बरोबर?

वहीतला माणूस:
थकवत राहिलात तर व्याजावर व्याज चढून ४२ च्या वर. दोन वर्षांत दुप्पट.

भाबडा प्रश्न:
अरे देवा.

तिरकस:
बरं बाबा, हा एक तास ठेवा शाळेत. खेळाचा नका घेऊ, माझ्या गणिताच्या मास्तरांचा घ्या. त्यांनी हे सांगितलं असतं तर माझंही कार्ड आज फिटलेलं असतं.

एकटीनंच केलं:
आणि प्रकल्प नको!