व्हिएन्नात जेवताना आधी बटाट्याच्या सॅलडबद्दल विचारा

एकांनी विचारलंय की आई शाकाहारी पण अंडं चालतं, बाबा फक्त चिकन खाणारे, मग व्हिएन्नात ऑस्ट्रियन रेस्टॉरंटला जायचं की सरळ इंडियन शोधायचं. अहो जाच! फक्त विचारून ऑर्डर करा. सगळ्यात फसवं ते बटाट्याचं सॅलड, मेयोनीज नसतं, साधं दिसतं म्हणून आपण निर्धास्त खातो, पण तिथे ते बऱ्याच ठिकाणी बीफच्या स्टॉकमध्ये कालवतात. पातळ सूपचंही तेच, आत नुसत्या धिरड्यासारख्या पट्ट्या दिसल्या तरी पाणी बीफचंच.

मेनूत नुसतं 'वीनर श्निट्झेल' (ब्रेडक्रम्स लावून तळलेला मांसाचा पातळ तुकडा) असेल तर ते वासराचं, तसा नियमच आहे, डुकराचं असेल तर तसं लिहावं लागतं. बाबांना चिकनचं मिळेल बऱ्याच ठिकाणी, पण काही जण डुकराच्या चरबीत तळतात आणि कढई एकच असू शकते, तेव्हा हे नक्की विचारा, तळलेल्या मश्रूमलाही तेच लागू.

आईंसाठी केझश्पेट्झले मागवा, म्हणजे अंडं घातलेल्या पिठाचे छोटे मऊ नूडल्स, भरपूर चीज आणि वर कुरकुरीत कांदा, फक्त बेकन नको म्हणून सांगा. आणि काइझरश्मार्न सोडू नका प्लीज! जाडसर गोड पॅनकेकचे तुकडे, वर पिठीसाखर, सोबत शिजवलेले प्लम, ताजं करतात म्हणून वेळ लागतो पण दोघांचं पोट भरतं.

टिप साधारण 5 ते 10 टक्के, टेबलवर ठेवून निघायचं नाही, पैसे देतानाच टिप धरून आकडा सांगायचा.