मदत हवी आहे: 'प्लेथोरा' की 'गलोर'? पत्रक छापायला टाकायचंय

मंडळी, इंग्रजीतल्या जाणकारांनी जरा लक्ष घाला.

जळगाव जिल्ह्यात सावद्याजवळ आमचं केळीचं पॅकहाऊस आहे. आखातातल्या खरेदीदारांसाठी एकपानी इंग्रजी पत्रक करतोय. 'रावेर-यावल पट्ट्यात केळी मुबलक' एवढंच म्हणायचं होतं, तर भाच्याने लिहिलं 'अ प्लेथोरा ऑफ बनानाज'. गावातल्या सरांनी ते खोडून 'बनानाज गलोर' केलं. भाचा म्हणतो, विशेषण आधी येतं, मग 'गलोर बनानाज' पाहिजे. दोघांची जुंपलीये आणि इकडे प्रेसवाला फोनवर फोन करतोय. आपल्याकडे 'मोक्कार' म्हटलं की भागतं, पण दुबईवाल्याला काय सांगू? 'मिरियड' चालेल का?

प्रतिसाद १
सरांचं बरोबर आहे. गलोर नेहमी नामाच्या मागेच येतं. मूळ आयरिश 'गो लोर', म्हणजे पुरेसं, भरपूर. तिथे ते नामामागे यायचं, इंग्रजीत आलं तरी जागा सोडली नाही. उच्चारात जोर 'लोर'वर. पण शब्द सेलच्या पाटीवरचा आहे, व्यापारी पत्रात थिल्लर वाटेल.

प्लेथोरा टाळाच. हा ग्रीकमधून आलेला, जुन्या वैद्यकातला शब्द. अंगात रक्त फाजील झालं की त्याला प्लेथोरा म्हणत. आज बरेच जण नुसतं 'पुष्कळ' या अर्थानेही वापरतात, तरी 'गरजेपेक्षा जास्त' ही छटा पुरती गेलेली नाही. खरेदीदाराने तसं वाचलं तर? माल तुंबलाय, भाव पाडून मागा!

मिरियड म्हणजे ग्रीकमध्ये दहा हजार, पुढे 'असंख्य'. 'मिरियड' आणि 'अ मिरियड ऑफ' दोन्ही चालतं, उगाच कुणी चुका काढल्या तर ऐकू नका. पण त्यात नाना परींचा भास आहे. तुमच्याकडे सगळी एकाच जातीची, जी-नाईनच असेल ना?

प्रतिसाद २
भो, विशेषणं राहू द्या. तिकडचा माणूस बॉक्सचं वजन बघतो, फणीत केळी किती आणि केळं किती जाड ते बघतो, आठवड्याला किती कंटेनर देणार ते विचारतो. 'रेग्युलर सप्लाय' लिहा आणि पुढे आकडा टाका. जळगावच्या केळीला २०१६ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, ते मात्र वरच्या ओळीत येऊ द्या.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. प्लेथोरा काढला, 'रेग्युलर सप्लाय' घेतलं. सर अजून 'गलोर'वर अडून आहेत, त्यांना गावातल्या दुकानाच्या पाटीसाठी देऊन टाकतो. आता एकच सांगा: 'फणी'ला इंग्रजीत 'हँड'च म्हणतात ना? भाचा केसांच्या फणीसारखं 'कोम्ब' म्हणतोय.

प्रतिसाद २
हँडच. आणि भाच्याला एक दिवस पॅकिंगला बसवा.