आगरकर अकराव्यांदा टाक बुडवतात आणि आई घोरायला लागते

कातरी_चहा:
मंडळी, मदत हवी आहे, आणि जरा घाईत.

मी एडिटर. लग्नाचे व्हिडिओ, बिल्डरांच्या जाहिराती, अधूनमधून एखादा माहितीपट यावर पोट चालतं. गेल्या वर्षी एका न्यासानं गोपाळ गणेश आगरकरांवर ४० मिनिटांची फिल्म करायला दिली. दिग्दर्शकही मीच, कारण दोघांना पुरतील एवढे पैसे नव्हते. शूटिंग झालं, ३८ मिनिटांचा रफ कट तयार आहे. परवा लॅपटॉप टीव्हीला जोडून आईला आणि समोरच्या काकूंना दाखवला. बाराव्या मिनिटाला आईची मान कलली. सतराव्या मिनिटाला काकू "कुकर लावून येते" म्हणून उठल्या त्या आल्याच नाहीत. दुपारचे चार वाजले होते. चार वाजता कोण कुकर लावतं?

रात्री टाइमलाइन उघडून मोजलं. आगरकर लिहितायत: अकरा शॉट. कंदील, दौत, टाक, कपाळाला आठी. खिडकीतून बाहेर बघतायत: चार. सगळ्यावर व्हॉइसओव्हर, आवाज भारदस्त, मजकूर त्यांच्या 'सुधारक' पत्रातला. म्हटलं, आवाज बंद करून बघू. बंद केला, तर पगडीवाला माणूस अग्रलेख लिहितोय की किराणा दुकानाची खतावणी, काही पत्ता लागेना.

तर प्रश्न असा, की विचार पडद्यावर दिसतो कसा? नुसतं चरित्र दाखवलं तर गरीब, हुशार मुलाची गोष्ट होते. टेंभूला जन्म, डेक्कन कॉलेज, 'केसरी', टिळकांशी फाटणं, फर्ग्युसनचं प्राचार्यपद, आणि १८९५ मध्ये वयाची ३९ वर्षंही पुरी न होता मृत्यू. डोळ्यांत पाणी येतं, पण हा माणूस म्हणत काय होता ते निसटतं. विचार घ्यावेत तर रेडिओ होतो.

न्यासाच्या समितीनं टाइप केलेली यादी दिलीय, "यातले सर्व मुद्दे यावेत" म्हणून. सतरा मुद्दे आहेत. नववा: 'बुद्धिप्रामाण्यवाद, सविस्तर.' म्हणजे बुद्धीला कारण पटल्याशिवाय काही मानायचं नाही, हे.

हातात पंधरा दिवस आहेत आणि एका दिवसाच्या शूटिंगचे पैसे. गर्दी परवडणार नाही.

सदाशिव_तीस:
पहिला उपाय: ३८ ची १९ मिनिटं करा. दुसरा उपाय लागणार नाही.

लॉकॉलेजरोड:
वरच्या गृहस्थांचं अगदीच चूक नाही, पण प्रश्न लांबीचा नाही.

मी पुण्यातल्या फिल्म अर्काइव्हच्या थिएटरात तिसऱ्या रांगेत म्हातारा होत चाललेला प्रेक्षक. तत्त्वज्ञांवरचे बरेच सिनेमे तिथे पाहिले, काही झोपेत पाहिले. डेरेक जार्मनचा 'विट्गेन्स्टाइन' (१९९३) मिळवून बघाच. पैशांच्या बाबतीत तो तुमचाच भाऊ. सेट नाहीच, पहिल्यापासून शेवटपर्यंत मागे काळा पडदा. भिंत नाही, दार नाही, केंब्रिजही नाही. माणसं, भडक कपडे, एखादी खुर्ची, फळा, बस. आणि एक हिरवा मंगळवासी! तो छोट्या लुडविगला, म्हणजे लहानपणच्या विट्गेन्स्टाइनला, प्रश्न विचारत राहतो. ऐकायला पोरकट वाटतं, पण त्यानं काम होतं. तुमच्या आगरकरांना अकरा शॉटमध्ये कुणी एक तरी प्रश्न विचारतं का?

उलट टोकाचा बेला तार, 'द ट्युरिन हॉर्स' (२०११). ट्युरिनमध्ये नीत्शेनं चाबूक खाणाऱ्या घोड्याच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला आणि तो कायमचा ढासळला, ही १८८९ सालची गोष्ट प्रसिद्धच आहे. तार ती काळ्या पडद्यावर निवेदनात सांगून टाकतो आणि विचारतो, घोड्याचं काय झालं? पुढचे जवळजवळ अडीच तास घोडा, म्हातारा, त्याची मुलगी, वारा, उकडलेले बटाटे. सगळे मिळून तीसेक शॉट. नीत्शे एकदाही दिसत नाही. तरी बाहेर आल्यावर मला लॉ कॉलेज रोडवरची झाडं वेगळी वाटत होती. (तुमच्या समितीला हा दाखवू नका.)

'हाना आरेन्ट'मध्ये (२०१२) मार्गारेटे फॉन ट्रोटानं या विचारवंत बाईला नुसतं कोचावर पडून सिगारेट ओढताना दाखवलंय, आणि ते बघवतं. कारण त्याआधी आपण तिच्याबरोबर नाझी अधिकारी आइखमानचा खटला बघितलेला असतो. आइखमान नटानं केलेला नाही, १९६१ च्या खटल्याची खरी चित्रफीत वापरली आहे. ती कशाचा विचार करतेय ते आपल्यालाही छळत असतं. तुमच्या अकरा शॉटआधी आम्हाला काय छळतंय?

आणि लांब कशाला जायचं? 'संत तुकाराम', १९३६, प्रभात. त्या स्टुडिओच्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तुमच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटं. पागनीसांचा तुकाराम गोडच आहे, पण सिनेमा उभा आहे तो आवलीवर. पोर आजारी, घरात दाणा नाही, आणि ती एका हातानं पोराला ओढत, दुसऱ्या हातात वहाण घेऊन देवळात विठोबाला जाब विचारायला जाते. वैराग्य म्हणजे काय हे तुकारामाच्या चेहऱ्यावर नाही कळत, तिच्या हातातल्या वहाणेवर कळतं. कारण त्या वैराग्याची किंमत ती भरत असते.

हेत्वाभास:
मी एकतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले. सिनेमातले मला कळत नाही, आगरकरांतले थोडे कळते.

आपण 'विचार' म्हणजे निष्कर्ष असे धरून चालला आहात, म्हणून व्हॉइसओव्हर लागतो. निष्कर्ष वाचूनच दाखवावे लागतात. पण विचार करणे ही कृती आहे, आणि ती पुष्कळदा हास्यास्पद दिसते. विट्गेन्स्टाइनचा केंब्रिजमधला शिक्षक रसेल याने लिहिले आहे, की "या खोलीत पाणघोडा नाही" हे विट्गेन्स्टाइन काही केल्या मान्य करीना, तेव्हा रसेलने सगळ्या बाकांखाली वाकून पाहिले. (१९११ च्या पत्रात तो प्राणी गेंडा होता, १९५१ च्या लेखात पाणघोडा झाला. तत्त्वज्ञांच्या आठवणींवर किती विसंबावे याचे हे उदाहरण.) बाकाखाली वाकलेला रसेल आपण दाखवू शकता. 'अनुभवाधारित ज्ञानाची मर्यादा' दाखवू शकत नाही.

आता आगरकर. १८८२ साली ते आणि टिळक डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. दोन विशीतले मित्र, एक कोठडी, भरपूर वेळ आणि भरपूर मतभेद. तिथे आगरकर हॅम्लेटचे 'विकारविलसित' हे भाषांतर करीत होते. आपल्या फिल्ममध्ये हे किती मिनिटे आहे?

दुसरे. आगरकरांचा एक निबंध आहे, 'शहाण्यांचा मूर्खपणा अथवा आमचे प्रेतसंस्कार'. मेलेल्या माणसाभोवती आपण जे जे करतो त्याला कारण काय, असे ते एकेक विधी घेऊन विचारतात. आणि याच माणसाची पुण्याने जिवंतपणी प्रेतयात्रा काढली! प्रेतसंस्कारांवर बोट ठेवणाऱ्याला शहराने दिलेले उत्तर म्हणजे प्रेतसंस्कार. वादात याहून चोख प्रतिपक्ष मिळत नाही. हे दोन प्रसंग आपण जवळजवळ ठेवलेत का, की निबंध सहाव्या मिनिटाला आणि प्रेतयात्रा तिसाव्या?

कातरी_चहा:
सर, निबंध सातव्या मिनिटाला आहे, प्रेतयात्रा एकतिसाव्या. तुमचा नेम अडीच मिनिटांनीसुद्धा चुकलेला नाही. डोंगरी एक मिनिट दहा सेकंद, त्यातही आगरकर लिहितायत.

तुमचं वाचून एक आठवलं. आई जागी झाल्यावर मी जरा घुश्शातच विचारलं, काय कळलं? ती म्हणाली, "तो रात्री धुतलेला सदरा सकाळपर्यंत वाळायचा का रे? पावसाळ्यात?" डेक्कन कॉलेजात असताना आगरकरांकडे एकच सदरा होता, रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, ही सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. माझ्याकडे ती नऊ सेकंदांची आहे. मी म्हटलं, आई, ते महत्त्वाचं नाही. आता वाटतंय तेवढंच होतं.

लॉकॉलेजरोड, डोंगरीत दोघांना बोलायला लावायचं तर संवाद मला रचावे लागतील. आगरकरांच्या तोंडी माझी वाक्यं? पुण्यात? दगड पडतील.

लॉकॉलेजरोड:
'आधी बीज एकले' तुकारामाचा अभंग आहे असं मानणारे तुम्हाला आजही भेटतील. तो शांताराम आठवल्यांनी 'संत तुकाराम'साठी लिहिला. गाथेत शोधून लोक दमले. रचा बिनधास्त. फक्त आठवल्यांइतकं रचा.

सदाशिव_तीस:
म्हणजे अशक्य.

ट्रंकवाली:
मी नाटकांचा कपडेपट सांभाळते. विचारांचं तुम्ही बघा, मी सदऱ्याचं सांगते.

आईंचा प्रश्न बरोबर आहे. जाड मांजरपाट जुलैत घरात टांगला तर सकाळी वाळत नाही. शिवणींवर, काखेत आणि कॉलरपट्टीला ओल राहतेच. असा सदरा माणूस अंगात घालतो तेव्हा आधी खांदे आक्रसतात, मग तो एक क्षण थांबतो आणि मग दुसरा हात घालतो. तुमच्या नटाला खरोखर ओला सदरा द्या, ते आपोआप होईल. कॅमेऱ्यासाठी पांढराशुभ्र घेऊ नका, ओला आणि कोरडा सारखाच दिसतो. चहाच्या पाण्यातून एकदा काढा, मग ओल गडद उठून दिसते. आणि दोन सदरे शिवा, दुसऱ्या टेकला पहिला कामाचा नसतो.

एक राहिलंच. याच आगरकरांनी स्त्रियांनी जाकिटं घालावीत म्हणून लिहिलंय ना? ज्याच्याकडे स्वतःचा दुसरा सदरा नव्हता तो बायकांच्या कपड्यांचा विचार करत होता. आमच्या धंद्यात ते लक्षात राहतं.

हेत्वाभास:
ट्रंकवालीबाई, एकतीस वर्षांत हे दोन मुद्दे शेजारी ठेवायचे मला सुचले नाही. आणि कातरी_चहा, आगरकरांनी आईला कळवले होते, की मुलगा मोठ्या पगाराची नोकरी धरील ही आशा ठेवू नकोस, पोटापुरत्यावर राहून बाकीचा वेळ लोकांसाठी घालवणार आहे. ते पत्र कुठे ठेवायचे हे आपणांस आता सांगायला नको.

कातरी_चहा:
सोळा दिवसांनी लिहितोय, माफ करा.

अकरापैकी दहा शॉट काढले. जो ठेवला त्यात शाई संपते.

एका दिवसात दोन गोष्टी शूट केल्या. सकाळी सदरा. नटाला कशासाठी ते सांगितलं नव्हतं, ओला हातात दिला आणि म्हटलं घाल. खांदे आक्रसले, थांबला, माझ्याकडे बघून एक शिवी दिली. शिवी कापली, बाकी ठेवलं. आईला लिहिलेलं पत्र त्याच्या लगेच नंतर येतं, व्हॉइसओव्हर नाही, तो स्वतःच पुटपुटतो आणि पुटपुटताना कॉलर मानेपासून लांब धरतो. जाकिटांचा निबंधही तिथेच येतो.

दुपारी डोंगरी. माझ्या ओळखीच्या एका नाटकवाल्याच्या तालमीच्या हॉलमध्ये, मागे काळा पडदा. जार्मनचे आभार. संवाद मी सहाच वाक्यांचे रचले. उरलेला वेळ टिळक झोपायचा प्रयत्न करतात आणि आगरकर "पण समज..." म्हणून पुन्हा उठून बसतात.

प्रेतयात्रेची गर्दी परवडणार नव्हती, म्हणून ती दाखवलीच नाही. प्रेतसंस्कारांवरचा निबंध ते बोलून सांगतायत, दम्यानं मधेमधे थांबतायत, आणि त्या थांबण्यांत बाहेरून हलगी जवळ येते. मग मडकं फुटतं. त्या आवाजासाठी कुंभारवाड्यातून सात मडकी आणून रात्री गच्चीवर फोडली. नीट भाजलेलं मडकं कोरडं, टणक फुटतं. कच्चं नुसतं धप्प करतं. पाचव्याला हवा तो आवाज मिळाला. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले होते, पण त्यांना सांगितलं की आगरकरांसाठी आहे, तर म्हणाले मग असू दे.

एकूण ३१ मिनिटं. समितीतल्या एका सदस्यांनी यादी घेऊनच बघितली. शेवटी म्हणाले, नऊ नंबर कुठे आला? मी म्हटलं, शिवणीला ओल आहे तिथे. ते म्हणाले, पुन्हा एकदा लावा.

काकू या वेळी शेवटपर्यंत बसल्या. कुकर आधीच लावून आल्या होत्या म्हणे.