द्राक्षबाग आणि आंब्याचा उतार: मालवाहतुकीसाठी साइड-बाय-साइड गाडी कोणती घ्यावी?

गिरणारे_बागायत
नमस्कार मंडळी. नाशिकजवळ गिरणाऱ्याच्या बाजूला 14 एकर आहे. 8 एकर थॉमसन द्राक्ष, वाय पद्धत (इंग्रजी Y आकाराच्या मांडवावर वेली), लागवड 9 बाय 5 फूट. 4 एकर केसर आंबा मुरमाड उतारावर, राहिलेल्या जागेत टोमॅटो. ब्लोअर (फवारणी यंत्र) ओढायला 24 एचपीचा छोटा ट्रॅक्टर आहे, तो विकायचा नाही. काढणीच्या दिवसांत ट्रॅक्टर फवारणीत अडकतो आणि क्रेट, खताच्या गोण्या, ड्रीपचं सामान, पाण्याचे ड्रम यांची ने-आण थांबते. पॅकिंग शेड ते लांबचा प्लॉट सव्वा किलोमीटर, त्यात 300 मीटर शिवरस्ता. पावसाळ्यात चिखल भरपूर.

शेजारी-शेजारी बसायची, मागे हौदा असलेली चारचाकी गाडी, म्हणजे यूटीव्ही, घ्यायचा विचार आहे. पेट्रोल बेल्टवाली घ्यावी की डिझेल हायड्रोस्टॅटिक? वापरलेली घेतली तर काय तपासायचं? नेमकं काय बिघडतं ते सांगा.

निफाड_यंत्र
भाऊ, आधी गाडी नाही, बाग मोजा.

9 फूट म्हणजे 274 सेंटिमीटर. वायच्या दोन्ही हातांचा फैलावा साधारण 4 फूट धरला तर वरच्या तारांच्या पातळीला दोन ओळींमध्ये 152 सेंटिमीटर मोकळं उरतं, आणि फुटी लोंबायला लागल्या की त्याहूनही कमी. पोलारिस रेंजर 570 ची रुंदी सुमारे 148 सेंटिमीटर आहे, कुबोटा आरटीव्ही-एक्स1100सी साधारण 160. कावासाकी म्यूल एसएक्स त्यातल्या त्यात अरुंद, 134 च्या आसपास. खाली जमिनीवर जागा भरपूर दिसते म्हणून माणूस फसतो. अडचण खाली नाही, वर आहे. या गाड्यांना डोक्यावर लोखंडी पिंजरा असतो, उंची सहा फुटांच्या आसपास जाते. छोटा ट्रॅक्टर साडेतीन फुटांच्या आत बसतो आणि बुटका असतो, म्हणून तो वायच्या पोटातून निघून जातो. पिंजरा मात्र नेमका घडांच्या आणि फुटींच्या उंचीला येतो. घड घासले की मण्यांवरची लव (पांढरट थर) जाते, माल निर्यातीतून बाद.

पिंजरा कापून उंची कमी करायचा सल्ला कोणी देईल. तो अजिबात ऐकू नका. गाडी उलटली तर जीव वाचवणारी तेवढी एकच वस्तू आहे, आणि तुमच्याकडे उतार आहे.

दुसरं माप बांधाकडच्या वळायच्या जागेचं. ओळ संपल्यावर शेवटच्या अँगलपासून (टोकाच्या लोखंडी खांबापासून) कुंपणापर्यंत किती फूट आहे? अँगलला ताण देणारी तार जमिनीत पुरलेली असते, तिथून मोजा, खांबापासून नको. ताणाच्या तारेत पुढचं चाक अडकलं तर अख्खी ओळ सैल होते.

गिरणारे_बागायत
मोजलं. ताणाच्या तारेपासून कुंपण 13 फूट. मधला मुख्य रस्ता 12 फुटी आहे.

निफाड_यंत्र
मग ओळीत घालायचा विषयच संपला. 13 फुटांत एका दमात वळणार नाही, मागेपुढे करावं लागेल आणि दर वेळी चिखल कालवला जाईल. तुमच्यासाठी यूटीव्ही मुख्य रस्ता, आंबा आणि टोमॅटोपुरती. ओळीतून क्रेट हातगाडीवर रस्त्यापर्यंत, तिथून गाडी. हे मान्य असेल तरच पुढचं वाचा.

सातपूर_वर्कशॉप
वजनाचं गणित सांगतो, कारण विक्रेता इंजिनाची ताकद सांगतो आणि हौद्याची क्षमता गाळतो.

रेंजर 570 च्या हौद्याला मर्यादा 227 किलो. 20 किलो माल आणि क्रेटचं स्वतःचं वजन धरलं तर 10 क्रेट, बस. ओढायची क्षमता 680 किलो आहे, पण त्यात ट्रॉलीचंही वजन आलं. 200 किलोची छोटी ट्रॉली असेल तर माल 480 किलो, म्हणजे 21-22 क्रेट, तेही सपाटीवर. कुबोटाच्या त्या डिझेल मॉडेलचा हौदा 500 किलोचा, पण ओढायची क्षमता 590 च. म्हणजे एक गाडी ओढण्यात बरी, दुसरी अंगावर घेण्यात. तुमचा माल ट्रॉलीतून जाणार की हौद्यातून, हे आधी ठरवा.

200 लिटरचा ड्रम भरून ठेवला तर पाणीच 200 किलो, वर पंप आणि सांगाडा. मर्यादा तिथेच ओलांडली. शिवाय अर्धवट भरलेला ड्रम वळणावर हिंदकळतो आणि उतारावर गाडीला बाजूला ओढतो. आडव्या पडद्या असलेली बुटकी टाकी घ्या, 150 लिटरच्या वर नको.

आणि एक गैरसमज: या गाड्यांना ट्रॅक्टरसारखा पीटीओ, म्हणजे जोडलेलं अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट, नसतो. द्राक्षाचा ब्लोअर यावर चालणार नाही. पूर्ण पानांच्या बागेला एकरी 400 लिटर पाणी लागतं, ते काम ट्रॅक्टरचंच.

कागद_एमएच15
शिवरस्त्याचे 300 मीटर लिहिलेत म्हणून मध्येच बोलतो. मोटार वाहन कायदा 1988 मध्ये कारखाना किंवा इतर बंदिस्त आवारातच वापरायला बनवलेलं खास वाहन 'मोटार वाहन' या व्याख्येतून वगळलं आहे. कुंपणाच्या आत चालवलं तर त्या आधाराने बोलता येतं. शिवरस्ता, पाणंद ही सार्वजनिक जागा. तिथे कलम 39 ची नोंदणी लागते आणि कलम 146 चा तृतीय पक्ष विमा. नोंदणी नसलेल्या गाडीने रस्त्यावर कोणाला धक्का लागला तर भरपाई थेट तुमच्या खिशातून आणि सातबाऱ्यावर बोजा यायची वेळ येते.

म्हणून विक्रेत्याला "पासिंग होतं का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. त्याच मॉडेलचं फॉर्म 22 (गाडी नियमांत बसते असा कंपनीचा दाखला) आणि वाहन प्रकाराच्या मान्यतेचं प्रमाणपत्र हातात मागा, ते घेऊन नाशिक आरटीओत दाखवा, मगच बयाणा द्या. पोलारिसची स्पोर्ट्समन 570 ट्रॅक्टर वर्गात मान्यता घेऊन भारतात आली होती, पण ती हँडलबारची, मोटारसायकलसारखी स्वार होऊन चालवायची एटीव्ही. ते उदाहरण दाखवून शेजारी-शेजारी बसायची गाडी कोणी गळ्यात मारत असेल तर सावध राहा.

वापरलेली आयात गाडी असेल तर कस्टमचं बिल ऑफ एंट्री (आयातीचा कागद) बघा आणि चासी नंबर त्याच्याशी स्वतः पडताळा.

सातपूर_वर्कशॉप
आता पेट्रोल बेल्ट की हायड्रोस्टॅटिक.

बहुतेक पेट्रोल गाड्यांत सीव्हीटी असते: दोन पुली आणि मध्ये रबरी बेल्ट, स्कूटरसारखीच रचना पण मोठी. शेतीत सगळ्यात जास्त मरतो तो हाच बेल्ट, आणि दहापैकी नऊ वेळा चालवणाऱ्यामुळे. ट्रॉली भरलेली, गाडी हाय रेंजमध्ये (जास्त वेगाच्या गिअरमध्ये), चढावर उभी आणि ड्रायव्हर हळूहळू अॅक्सिलरेटर दाबतोय. इंजिन फिरतं, पुढची पुली बेल्टला पुरती आवळत नाही, बेल्ट एकाच जागी घासतो आणि तिथे खळगा पडतो. पुढे गाडी उचलताना प्रत्येक वेळी थडथड जाणवते. तो बेल्ट नंतर सुधारत नाही.

म्हणून नियम ठेवा: ट्रॉली, चढ, चिखल किंवा ताशी 10-12 किलोमीटरच्या आत काम असेल तर लो रेंज (हळू पण जास्त जोराचा गिअर). रेंज बदलताना गाडी पूर्ण थांबलेली हवी. चढावर गाडी अॅक्सिलरेटरवर धरून उभी ठेवायची नाही, ब्रेक लावायचा. नवा बेल्ट बसवला की पहिले 80 किलोमीटर ओझं न ओढता, वेग कमीजास्त करत चालवायचा. बेल्ट घालताना पुलीच्या तोंडावर ग्रीसचं बोटही लागता कामा नये.

पाणी हा दुसरा शत्रू. सीव्हीटीच्या डब्यात हवा घेणारी नळी असते. ओहोळातून जाताना तिच्या तोंडापर्यंत पाणी आलं की बेल्ट ओला होऊन घसरतो. डब्याच्या तळाला निचऱ्याचं बूच असतं ते काढा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन थोडा वेळ मध्यम वेगावर फिरवा, बेल्ट वाळतो. तसंच दामटलं तर जळतो.

हायड्रोस्टॅटिकमध्ये बेल्टच नाही. तेलाच्या दाबावर चालते, पाय काढला की गाडी स्वतःच हळू होते, उतारावर फार विश्वासाची. पण तेल कंपनीने सांगितलेलंच लागतं आणि पहिला फिल्टर 50 तासांना बदलायचाच, कारण नव्या पंपातला धातूचा कीस त्यात अडकलेला असतो. हा खर्च टाळला तर पुढे पंपच जातो आणि तो गावठी उपायाने दुरुस्त होत नाही. कुबोटाचं डी1105 इंजिन जगभर जनरेटरांत वापरलं जातं, त्यामुळे इंजिनाचे भाग मिळवता येतात. अडचण ट्रान्समिशनच्या भागांची.

तुमच्या आंब्याच्या उताराला मन डिझेलकडे झुकतं. पण सर्व्हिस आणि भाग जवळ मिळणार नसतील तर साधी पेट्रोल गाडी, लो रेंज आणि इंजिन ब्रेकिंग असलेली, जास्त दिवस चालती राहील. उतारावर इंजिन गाडीला रोखून धरतं ही सोय (इंजिन ब्रेकिंग) बेल्टवाल्या सगळ्याच मॉडेलांत नसते, हे विकत घेण्याआधी विचारा. आणि उतारावर न्यूट्रल कधीच नाही.

दिंडोरी_फलोद्यान
वरच्या सगळ्याला सहमती. बागेतल्या रसायनांचं राहिलं म्हणून लिहितो.

मोरचूद आणि गंधक यांनी वायरिंग खाल्लं जातं. बोर्डोचे थेंब अॅल्युमिनियमवर सुकले की तिथे खड्डे पडतात. सीटखालचे आणि रेडिएटरजवळचे वायरचे सॉकेट सुरुवातीलाच उघडून आत डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं, ओल अडवणारं) भरा. युरिया, पोटॅश हौद्यात सांडलं तर त्याच दिवशी पाण्याने काढा, ओल धरून पत्रा पोखरतं. खाली रबरी मॅट टाकत असाल तर ती दर आठवड्याला उचला, खरा गंज तिच्याखाली लपतो.

धुताना प्रेशर वॉशर रेडिएटरच्या जाळीवर आणि चाकांच्या बेअरिंगवर धरू नका. जाळीच्या पट्ट्या आडव्या होतात. रेडिएटर आतून बाहेर, म्हणजे पंख्याच्या बाजूने, हलक्या पाण्याने धुवा. उन्हाळ्यात गवताचं बी आणि धूळ तिथे अडकली की गाडी तापते, आणि लोक थर्मोस्टॅट बदलत बसतात.

काळ्या जमिनीत मागचं डिफरन्शिअल लॉक (मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारं) असताना कधीही वळू नका, ड्राइव्ह शाफ्टवर ताण येतो. टर्फ मोड (हे लॉक सोडणारा) असेल तर कोरड्या रस्त्यावर तोच ठेवा, टायरही वाचतात. छाटणीनंतरच्या काड्या आणि तुटक्या तारा शाफ्टच्या रबरी बुटात घुसतात. बूट फाटला, ग्रीस गेलं, माती आत गेली की जॉइंट कटकट वाजू लागतो. काड्या गोळा होईपर्यंत दर संध्याकाळी सगळे बूट हाताने चाचपा. बूट स्वस्त, शाफ्ट महाग.

टायरचं माप आधी बघा. 12 इंची रिमचे रुंद टायर गावच्या दुकानात नसतात. बीकेटी या प्रकारचे टायर बनवते, पण तुमच्या मापाचा आहे का ते घेण्याआधीच विचारा.

गिरणारे_बागायत
फार उपयोगी. वापरलेली बघायला गेलो तर कोणत्या क्रमाने तपासू?

सातपूर_वर्कशॉप
सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा, इंजिन थंड हवं. गरम करून ठेवलेलं असेल तर परत या.

तासांचा आणि किलोमीटरचा आकडा जुळवा. शेतावर सरासरी ताशी 8-12 किलोमीटर पडतात. तास खूप आणि किलोमीटर फारच कमी असतील तर गाडी एका जागी उभी राहून चाललेली आहे किंवा मीटर बदललेलं आहे.

मग सीव्हीटीचं झाकण उघडायला लावा. नाही म्हणाला तर सौदा तिथेच सोडा. बेल्टची रुंदी व्हर्नियरने मोजा आणि त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या किमान मापाशी ताडा. पुलीच्या तोंडावर नखाला लागतील असे ओरखडे असतील तर नवा बेल्टही टिकणार नाही.

एकेक चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा: खेळ असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. हौदा उचलून त्याच्या खालच्या चौकटीचे वेल्डिंग बघा, ओव्हरलोडच्या चिरा तिथेच दिसतात. गिअरचं तेल दुधाळ असेल तर पाणी गेलं आहे. पॉवर स्टिअरिंगचा दिवा लागत असेल तर मोटरला दोष देण्याआधी बॅटरीचा दाब तपासा, कमजोर बॅटरीनेही तो लागतो.

शेवटी हौद्यात 200 किलो ठेवून चढावर थांबवा, ब्रेक धरा, लो रेंजमध्ये उचला. जळका वास आला तर नाही घ्यायची.

घेतलीत तर शेडमध्ये एक बेल्ट, तो काढायचं अवजार, एअर फिल्टर, दोन बूट किट आणि पंक्चरची दोरी ठेवून द्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल धरतं, आणि काढणीच्या पहिल्याच दिवशी इंजेक्टर तक्रार करतो.